फॉर्मवरचे सहा रंग

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. रजा मिळाली, बॅगही भरली, असं लिहिलंस. वाचून आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. तीन कागद फाडले, हा चौथा. अक्षराला हसू नकोस. शाळेत माझं बूड कधी टेकलं होतं?

ज्या दवाखान्यात तुझी तारीख घेतलीय, त्याच्याच भिंती आम्ही रंगवतोय. पहिल्या दिवशी भिंतीवरचे फोटो उतरवायला लागलो. एका गालावर तुझ्यासारखाच जन्मापासूनचा जांभळट लाल डाग, शेजारच्या फोटोत तोच गाल स्वच्छ. शिडीवरून उतरलो तो थेट काउंटरवर. लहानपणी पोरं तुला शाईची दौत म्हणायची आणि मी त्यांच्या अंगावर धावून जायचो, आठवतं? रस्त्यानं चालतानाही मी कायम तुझ्या डागाच्या बाजूनं चालायचो, कुणाला दिसू नये म्हणून. ते तुझ्यासाठी होतं की माझ्यासाठी, अजून कळत नाही.

काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म दिला. त्यावर कातडीच्या रंगांचे सहा चौकोन, गोऱ्यापासून काळ्यापर्यंत, अगदी आमच्या शेड कार्डासारखे. पेशंटच्या रंगावर खूण करा, म्हणाल्या. ताई, दोन पांढऱ्यांतला फरक लांबून सांगणारा माणूस मी. तुझा रंग पाचवा, एका नजरेत कळलं. पण माझ्या पुढच्या माणसाला त्या सांगत होत्या, सावळ्या कातडीला घाई चालत नाही, आधी लेझर मशीननं बारीकसा ठिपका मारून बघायचा, दोन महिने थांबायचं, आणि कधीकधी डॉक्टर नकोच म्हणतात. भिंतीवरचे फोटोही सगळे गोऱ्यांचेच. मला वाटलं, तुलाही नको म्हणतील. मी दुसऱ्या चौकोनावर खूण केली. बाईंनी माझ्या हाताकडे बघून विचारलं, सख्खी बहीण? मी म्हटलं, हो, आईवर गेलीय. आईनं ऐकलं असतं तर हसून हसून खाली बसली असती.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी मशीनवरच्या मुलीला सहज विचारलं, रंग चुकीचा लिहिला तर काय होतं? ती म्हणाली, लेझरचा उजेड डागातल्या रक्ताला धरतो, पण कातडीचा काळेपणाही तोच उजेड पितो. जोर जास्त झाला की भाजतं. मग पांढरे नाहीतर काळे चट्टे पडतात, काही जातच नाहीत. तेव्हापासून ब्रश भलतीकडेच फिरवतोय. मुकादम ओरडला, भिंत तिकडं आहे रे बाबा, काच काय रंगवतोस!

फॉर्म दुरुस्त करायला दोनदा काउंटरवर गेलो. दोन्ही वेळा पाणी पिऊन परत आलो. खोटं बाहेर पडलं तर तारीखच काढून घेतील. तू ये म्हणू की येऊ नको म्हणू? मुळात तुला तो डाग घालवायचाय का, हे मी कधी विचारलंच नाही. तू नुसतं लिहिलंस, तू म्हणतोस तर येते.

उद्या तिसऱ्यांदा जाणार आहे. पण माझा भरवसा धरू नकोस, म्हणून तर हे पत्र. आलीस तर चेहऱ्याला काही न लावता ये. आपला रंग तूच सांग, आणि आधी कानाजवळ एकच ठिपका मारा म्हण. पहिल्याच दिवशी कुणी मशीन सगळ्या गालावर फिरवायला लागलं तर सरळ उठ आणि बाहेर ये. माझ्याकडे बघत थांबू नकोस. मी कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला असेन, कदाचित तेव्हाही गप्पच.

तुझाच,
भिरभिऱ्या