मी रोज बसतो

रविवार, ५ जानेवारी

बारामतीला शिबिर केलं. चायनीज मेडिसिन आणि माइंडफुलनेस. घरात सगळे हसले. हसू देत. बीपीची गोळी चालूच राहील, पण मूळ कारण डॉक्टरला कळलेलंच नव्हतं. शिबिराच्या वृषाली मॅडमनी नाडी धरली, जीभ बघितली आणि सांगितलं, तुमची लिव्हर ची अडकली आहे. ची म्हणजे एनर्जी. चिनी शास्त्रात राग लिव्हरमध्ये राहतो. म्हणजे ठिबक सिंचनाच्या दुकानात गिऱ्हाइकांवर ओरडतो तो मी नव्हेच. एवढी वर्षं सगळे मलाच बोलत होते.

घरी आल्या आल्या विजयमालाला सांगितलं. ती म्हणाली, लिव्हरची काय? म्हणालो, ची. म्हणाली, अहो पण लिव्हरची काय? बायकोला शास्त्र सांगू नये.

सोमवार, ६ जानेवारी

संकल्प. सकाळ-संध्याकाळ बसायचं. डोळे मिटून, श्वासावर लक्ष. तरी राग आलाच तर पायाच्या अंगठ्याशेजारचा पॉइंट दाबायचा.

कारण श्रेयाचं लग्न. मुलगा सुयोग, लोणी देवकरचा, तिथंच कंपनीत आहे. दोघं बारामतीच्या कॉलेजपासून ओळखतात, दोघांची पसंती आहे. सुयोगच्या वडिलांचा, मोहनरावांचा, होकार तेवढा यायचाय. मागच्या स्थळाच्या वेळी मुलाचा मामा आमच्याच ओसरीवर बसून म्हणाला, ठिबकपेक्षा पाटाचं पाणी बरं. कोण ऐकून घेईल? तो चपला हातात घेऊन पळाला, त्यात माझा काय दोष.

श्रेया आज म्हणाली, बाबा, या वेळी ओरडलात तर मी परत कुणासमोर पोहे घेऊन येणार नाही. बापाला धमकी. पण हे ती दाराबाहेर उभी राहून बोलली. मला वाईट वाटलं. म्हणून बसणार. आमच्या कळंब गावात कुणी काही म्हणो.

गुरुवार, ९ जानेवारी

बसलो. दोन मिनिटांत गिऱ्हाईक आलं, ठिबकची लॅटरल नळी पाहिजे म्हणालं. चप्पल काढून पॉइंट दाबला. गिऱ्हाईक म्हणालं, तात्या, मुंगळा चावला का? मग ओरडलो. पण पूर्वीपेक्षा खालच्या पट्टीत. प्रगती आहे.

रविवार, १२ जानेवारी

परत बारामती. आज कपिंग. पाठीला काचेचे ग्लास लावतात, आतली हवा काढतात, कातडी आत ओढली जाते. पाठीवर काळेनिळे गोल उठले. मॅडम म्हणाल्या, बरंच साठलेलं होतं.

सोमवार, १३ जानेवारी

विहिरीच्या मोटारीवर अंघोळ करताना शेजारच्या गेणबानं पाठ बघितली. म्हणाला, तात्या, पडलात व्हय कुठं? म्हणालो, पडायला काय झालं, काल बारामतीत सहा ग्लास झाले. म्हणाला, सहा? म्हणालो, पहिल्या दिवशी मॅडम जास्त देत नाहीत. गेणबानं हात जोडले. अडाणी माणूस, पण विज्ञानाचा आदर आहे.

शुक्रवार, १७ जानेवारी

मोहनरावांचा फोन. फार गोड बोलणं झालं. त्यांनी विचारलं, दुकान बंद झाल्यावर काय करता? खरं तेच सांगितलं. म्हणालो, रोज बसतो. सकाळीही बसतो. ते म्हणाले, सकाळी पण? म्हणालो, सकाळी बसल्याशिवाय दिवसच सुरू होत नाही. एकटाच बसतो, मंडळी जमवली की मजा जाते. सगळं विसरायला होतं. शेवटी लिव्हरचंही सांगून टाकलं. सोयरिकीत लपवाछपवी नको.

ते बरं, बरं म्हणाले आणि फोन ठेवला. माझ्या मोकळेपणाचा परिणाम.

विजयमाला म्हणाली, अहो, ते बसतो बसतो म्हणू नका हो चारचौघांत. का म्हणू नको? चोरी आहे का? उद्यापासून दुकानाबाहेर लिंबाखालीच बसणार.

बुधवार, २२ जानेवारी

लिंबाखाली बसतोय. लोकांवर परिणाम दिसतो. रस्त्याने जाणारे आवाज कमी करतात. बायका पदर सावरून पलीकडून जातात. काल मान जरा खाली गेली (झोप नव्हे, खोल अवस्था), तर दोघांनी उचलून घरी आणलं. मी प्रतिकार केला नाही. मॅडम म्हणतात, जे होतंय ते होऊ द्यावं.

संध्याकाळी गेणबा आला. हात धरून म्हणाला, तात्या, पोरीकडं बघून तरी सोडा आता. डोळ्यांत पाणी त्याच्या. म्हणालो, अरे, तेच तर शिकतोय. सगळं सोडून द्यायचं. पण एकदम सुटत नाही, हळूहळू सुटतं. तूही बसत जा माझ्याबरोबर. म्हणाला, न्हाय तात्या, माझ्या घरात लहान लेकरं हायेत. लेकरांचा काय संबंध?

रविवार, २६ जानेवारी

सकाळी झेंडावंदन.  घरी आलो तर श्रेया रडत होती. सुयोगचा फोन आला होता. त्याच्या घरी सगळे म्हणतात, मुलीचे वडील पितात. लिव्हर गेलीय, सकाळपासून बसतात, पडतात, उचलून आणावं लागतं. मोहनरावांनी गावात माणूस पाठवून चौकशी केली. सगळ्या गावानं एकच सांगितलं.

मी. ज्यानं जन्मात थेंबाला हात लावला नाही. मेहुण्याच्या लग्नात कोल्ड्रिंकचाही आधी वास घेतला होता.

विजयमाला म्हणाली, मी सांगत होते. असं म्हणण्याची काय गरज असते?

श्रेयाला म्हणालो, रडू नकोस, उद्या लोणी देवकरला जातो आणि शांतपणे, पूर्ण माइंडफुल राहून सांगतो. तिनं विचारलं, शांतपणे? त्या विचारण्याचा मला राग आला.

सोमवार, २७ जानेवारी

गेलो. श्रेया मोटारसायकलवर मागे, लक्ष ठेवायला. वाटेत दोनदा थांबून श्वास घेतला.

मोहनरावांच्या ओट्यावर बसलो. हळू आवाजात सगळं सांगितलं. बसणं म्हणजे काय, ग्लास म्हणजे काय, ची म्हणजे काय. ते ऐकून घेत होते. तेवढ्यात आतून त्यांच्या आई, छबूबाई, म्हणाल्या, पिणारा कधी व्हय म्हणतो का रं?

पॉइंट दाबायला बूट काढायला गेलो. नाडीची गाठ सुटेना. पुढचं मला सविस्तर लिहायचं नाही. बूट फेकला नाही, हातातून गेला. तुळशीच्या कुंडीला लागला नाही, शेजारच्या कुंडीला लागला. मी दारू पीत नाही हे वाक्य लोणी देवकरच्या स्टॉपपर्यंत ऐकू गेलं असेल. जावं. खरंच आहे ते.

 मग श्रेया पुढं झाली. मोहनरावांना म्हणाली, काका, माफ करा, आज त्यांना जरा जास्त झालीय.

माझी पोरगी. माझ्यासमोर.

आणि मोहनरावांचा चेहरा एकदम निवळला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, आमचे थोरले बंधू असेच होते, आता पाच वर्षं झाली दारू सोडून. माणूस वाईट नसतो, ती बोलते आतून. सुपारी फोडू, पण तुमी चार माणसांत बेल-भंडारा उचलून दारू सोडायची शपथ घ्यायची.

येताना श्रेयाला विचारलं, खोटं का बोललीस? म्हणाली, बाबा, दारू सुटते हे लोकांनी बघितलंय. शुद्धीत असं वागता म्हटलं असतं तर त्यांनी दारातूनच परत लावलं असतं. मी गाडी थांबवून परत एकदा श्वास घेतला. 

शनिवार, ८ फेब्रुवारी

निर्णय पक्का. भंडारा उचलणार नाही. न केलेला गुन्हा कबूल करणार नाही. उद्या सुपारीत उभा राहून सगळं खरं सांगणार. चार्टही तयार केलाय, लिव्हरच्या चीचा शरीरातला मार्ग लाल शाईने.

रविवार, ९ फेब्रुवारी

सुपारी झाली. मांडवात माणसं बरीच. ताटात बेल-भंडारा आला. मोहनराव म्हणाले, व्याही, बोला दोन शब्द. चार्ट काढला. घसा साफ केला.

समोर श्रेया बसली होती. माझा घसा साफ झालेला ऐकला आणि तिनं डोळे मिटून घेतले. दोन्ही खांदे कानापर्यंत वर घेतले. विजयमालाकडं बघितलं, तिचेही तसेच. दोघींचे एकदम, सवयीचे असल्यासारखे. खांद्यांचं दुखणं गॉलब्लॅडरच्या मार्गावर येतं. दोघींचं कधीपासून अडकलंय कोण जाणे, मला कुणी सांगितलंच नाही.

चार्ट गुंडाळला. भंडारा उचलला. म्हणालो, इथून पुढं दारूला शिवणार नाही. यात खोटं काहीच नाही.

दोघींचे खांदे खाली आले.

मोहनरावांनी टॉवेल, टोपी आणि नारळ देऊन सत्कार केला. फोटो त्यांच्या भावकीच्या ग्रुपवर आला, खाली लिहिलंय, व्यसनमुक्त व्याह्यांचे अभिनंदन. मी पण अंगठा टाकला.