भाटाच्या वहीतली आजी

१२ फेब्रु. १९९४, जालना
तीर्थपुरीहून दादांचा, माझ्या वडिलांचा, निरोप. घराण्याचा भाट आलाय, आठ वर्षांनी. "नातवंडांची नावं वहीत चढवायची, जल्दी ये." वडिलांना सत्तरी उलटली, पण हुकूम तोच. अर्धी शाळा करून निघतो.

१३ फेब्रु., तीर्थपुरी
ओट्यावर घोंगडी टाकून भाटाने वंशावळ वाचली. दादा हात जोडून बसलेले. आजीच्या नावाशी आला: सखुबाई, माहेर परतूर, मयत. दादा तीन वर्षांचे असताना ती माहेरी पटकीने गेली, एवढंच आम्हाला ठाऊक. मी विचारलं, साल कोणतं? त्याने पान उलटलं, नजर चोरली.
दादा म्हणाले, "बराबर इचारलंस. मला तर तिचं तोंडबी याद न्हाई."

१४ फेब्रु.
सोमवारची रजा टाकली. भाटाला एसटीपर्यंत सोडायला गेलो नि खनपटीलाच बसलो. ऐकेना. "गुरुजी, एका घरचं पान दुसऱ्या घरी वाचायचं न्हाई, आमचा कायदा हाय." "हे घर कुठंय? हा तर स्टँड." मग उघडली वही.
आष्टीच्या एका घराचं पान. सखुबाई, तेच माहेर, तोच बाप. पाट लागलेला, म्हणजे दुसरा संसार. दोन मुलगे. नव्वदीची होऊन तीन वर्षांमागे वारली. तीनच वर्षं!
मग भाटाने सांगितलं: आजोबांनी तिला घराबाहेर काढलं, का ते वहीत नाही, पोर ठेवून घेतलं, गाव सोडून इकडे आले आणि भाटाच्या बापाला सांगितलं, मयत लिही. त्यानेही लिहिलं. "कारभारी सांगल तसं लिहायचं असतं."
दर अविधवा नवमीला दादा तिचं पान वाढतात. तीन वर्षांमागपर्यंत जित्या असलेल्या आईचं. आजोबांवर ओरडता येत नाही, म्हणून भाटावर ओरडलो. एसटी निघून गेली.

२० फेब्रु., रवि.
आष्टी. दादांना काही बोललो नाही. दारात साठीचा माणूस, कपाळ थेट दादांचं. सखुबाईचा थोरला. माझं नाव सांगितलं तर हाताला धरून आत नेलं.
"तुमी गुरुजी झाल्याचं म्हाईत हाय. भाट आला की माय आधी तुमच्याच घरचं इचारायची. पोराचं लगीन झालं का, नातवाचं नाव काय."
म्हणजे कायदा तिच्यापुढे चालला नाही. माझं नाव तिला माहीत होतं.
मी विचारलं, "मंग आल्या कामून न्हाई?"
"मीबी इचारल्तं. म्हणली, त्या घरी मी मेलेली हाय. चांगल्या चाललेल्या संसारात मेलेल्या बाईनं कह्याला जायचं."
फोटो मागितला. एकही नाही. परतताना गाडीत रडलो. शेजारचा माणूस उठून मागे गेला.

२१ फेब्रु.
शाळा बुडाली. दादांना सांगावं की नाही, सकाळभर घोळ. सौ. म्हणाली, या वयात कशाला. पण ते दर साली जेवू घालतात तिला, मी गप्प बसून त्यांच्या पुढ्यात कसा जेवू? दुपारच्या एसटीने तीर्थपुरी गाठली. सांगितलं. सगळं.
रडतील, चिडतील वाटलं होतं. त्यांनी अडकित्त्यात धरलेली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले,
"आष्टीच्या बाजारला मी किती बारी गेल्तो. बैल घ्यायला. कोण्या म्हाताऱ्या बाईनं मला लांबून पाह्यलं असंल का रं?"
माहीत नाही म्हणालो. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा तेच विचारलं.