नानांची रायफल की दुनळी

नाना, तुमची रायफल अजून विकली गेलेली नाही. तुमच्या तेराव्यानंतर मीच ती बंदुकीच्या दुकानात जमा करून आलो होतो. "गिऱ्हाईक मिळालं की विकून टाका," म्हणालो होतो आणि मागे वळूनही बघितलं नव्हतं. गेल्या सोमवारी गेलो तर ती काचेच्या कपाटात तशीच उभी, दस्त्यावर धूळ. खाली लोखंडी कडी; कडी ओढली की मागचा ठोकळा खाली बसतो, एकच गोळी घालायची, कडी वर. अशी रायफल सुरतेत दुसऱ्या कुणाकडे मी पाहिलेली नाही. आधी हसू आलं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने दुकानात रडू नये म्हणून मी प्यायला पाणी मागितलं.

का गेलो होतो ते सांगतो. आमचं लूमचं खातं, म्हणजे मी कापड विणायचो तो कारखाना, बंद पडलं, शेठने यंत्रं भंगारात काढली. पर्वत पाटियाच्या एका कापड मार्केटला गनमॅन हवाय. लायसन्स आणि स्वतःची बंदूक असेल तर जागा पक्की. लायसन्ससाठी चपला झिजवल्या, ते एकदाचं हाती आलं. आता ऐपत एकाच हत्याराची आहे. दुकानात एक जुनी दुनळी बंदूक आहे आणि एक तुमची रायफल, तिच्यावरही जमा ठेवल्याचं भाडं चढलेलं. मी घरूनच ठरवून निघालो होतो की विकली गेली नसेल तर तुमचीच घ्यायची. बापाची वस्तू पोराने परत आणली, एवढं तरी लोकांनी म्हणावं असं वाटत होतं.

कारण लोक दुसरंच म्हणतात, आणि ते म्हणायला त्यांना मीच शिकवलं. भेस्तानच्या मिलवर हरताळाच्या दिवसांत भर दुपारी जमाव आला होता. पुढच्या गेटवर गनमॅन म्हणून तुम्ही एकटे, रायफल खांद्याला लावलेली. दगड येतायत. एक तुमच्या कपाळावर बसतो, रक्त डोळ्यात उतरतं, तुम्ही नेम धरून उभेच, पण गोळी काही सुटत नाही. शेवटी तुम्हाला ढकलून लोक आत घुसले आणि कापडाचे ताके खांद्यावर टाकून पळाले. गोळी सुटली असती तर कोर्टकचेरी मागे लागली असती म्हणून मिलचा शेठ उलट खूशच होता. संध्याकाळी नवागामच्या आपल्या खोलीत शेजारीपाजारी जमलेले, आई जखमेत हळद भरतेय, आणि मी सतरा वर्षांचा, नुकताच लूमवर लागलेला, शिंगं फुटलेला, सगळ्यांदेखत आपल्या अहिराणीत विचारतो, "नाना, काबर नही मारी गोळी? घाबरी ग्यात ना?" तुम्ही आईचा हात बाजूला केलात. "हा भाऊ, घाबरी गऊ," एवढंच म्हणालात. लोक हसले. पुढे लग्नाकार्यात मी तो किस्सा तिखटमीठ लावून सांगायचो, आमच्या नानांची रायफल म्हणजे फक्त दसऱ्याच्या पूजेपुरती. एकदा तर तुम्ही त्याच पंगतीत जिलेबी वाढत होतात. तुम्ही हसलात आणि मला एक जास्तीची वाढलीत.

दसऱ्याचं खरंच होतं. मिलमध्ये शस्त्रपूजा व्हायची, शेठाणी रायफलीला कुंकू लावायच्या, झेंडूची फुलं वाहायच्या, आणि मागच्या गेटचा गनमॅन हवेत एक बार काढायचा. शेठ तुम्हालाही सांगायचा. तुम्ही हात जोडायचात. "शेठ, आमच्या खान्देशात पूजेच्या दिवशी हत्यार मुकं ठेवतात. आवाजाला लक्ष्मी बिचकते." शेठाणींना ते इतकं पटलं की पुढच्या वर्षापासून दोन्ही गेटवरचा बार बंद झाला. आपल्या गावात अशी रीत कुठे आहे, असं मी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "तुन्हा बापले इचार." मी विचारलं नाही.

सोमवारी त्या म्हाताऱ्या दुकानदाराने रायफल माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "भाई, आनी कारतूस तो मळतीच नथी." मी म्हटलं, आता मिळत नसतील, पूर्वी मिळत असतील की. त्याने विचारलं, "तुम्हारे पिताजी ने कभी बताया नहीं?" मग त्याने सांगितलं. गावाहून आणलेल्या दोन गोळ्या होत्या, जुन्या होऊन हिरव्या पडलेल्या. सुरतेत आलात त्याच वर्षी तुम्ही त्या त्याच्याकडे जमा केल्यात. त्या मापाच्या पुन्हा कधी आल्याच नाहीत. तुम्ही दर दसऱ्याच्या आधी त्याच्याकडे जायचात, "आली का?" विचारायचात, चहा पिऊन परत यायचात.

म्हणजे भेस्तानच्या गेटवर नळी रिकामी होती. हे कुणाला कळलं असतं तर शेठने तुम्हाला गनमॅनचा साधा वॉचमन केलं असतं आणि पगार कमी होऊन माझ्या धाकट्या दोघी बहिणींची शाळा सुटली असती. म्हणून सख्ख्या पोराकडून भित्रा म्हणवून घेतलंत आणि वर त्याला जिलेबी वाढलीत. नाना, मला माफ करा. तुम्ही जिवंत असताना हे मला कळायला हवं होतं, एवढी वर्षं मी तुमच्यावर लोकांना हसवत राहिलो.

दुकानदार म्हणाला, "ले जाओ, मार्केट में कौन खोलकर देखता है?" खरंच कुणी बघत नाही. घरी बायकोही म्हणाली, "नानांचीच घ्या, घरात राहील." पण त्या दिवशी दुकानात मी ती खांद्याला लावून पाहिली होती. समोर नुसतं कॅलेंडर होतं, तरी मला तिथे माणसं दिसायला लागली, हातात दगड घेतलेली, आणि मी रायफल घाईघाईने म्हाताऱ्याच्या हातात परत दिली. त्यानंतर रोज ताट पुढे आलं की तेच आठवायचं आणि जेवण जायचं नाही.

आज दुपारी दुनळी घेतली. बायकोला सांगितलं की नानांच्या रायफलीची काडतुसं मिळत नाहीत, मार्केटवाले हरकत घेतील. ती म्हणाली, "मग नानांनी कसं निभावलं?" हा कागद मी तिला दाखवणार नाही. मार्केटवाले काही विचारत नाहीत, नाना. रिकामी रायफल घेऊन माणसांसमोर उभं राहायची छाती माझ्यात नाही, एवढंच.