सकाळच्या खेळातल्या दोघी

अहमदनगर,
मार्च १९७३

प्रिय पुष्पा,

तुझं कार्ड मिळालं. जामखेडला पाण्याचे फार हाल आहेत हे कळलं; इथेही नळ दिवसाआड येतो. तुझ्या भावाने, भिमाजीदादांनी तुझ्यासाठी स्थळ पाहिलंय आणि उत्तराची घाई चाललीय, हेही वाचलं. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. काल दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोनदा हाक मारली, ती मला ऐकूच आली नाही.

आपली घरमालकीण छबूबाई रोज विचारते, "पुष्पाबाई कवा येनार?" तिला काय सांगू? इतकी वर्षं आपण एका खोलीत राहिलो. मैत्रिणी म्हणा, बहिणी म्हणा, गल्लीला त्याचं काही नव्हतं. होळीला दोघींत मिळून पोळ्यांचं एकच ताट यायचं. आणि मग तो मेला दोन बायकांचा इंग्रजी सिनेमा लागला, 'फक्त प्रौढांसाठी'. त्या रविवारी अंगणात मी तुझी वेणी घालत होते, तर भिंतीपलीकडून टवाळांनी शिट्ट्या मारून त्या सिनेमाचं नाव घेतलं. तू अर्ध्या वेणीनिशी उठलीस, आत गेलीस आणि दार लावून घेतलंस. आपण कधी दार लावून वेणी घातली नव्हती गं. दुसऱ्या दिवशी तू जामखेडची एसटी धरलीस.

तो सिनेमा मी काल पाहून आले. रागावू नकोस. रात्रपाळी संपल्यावर तशीच पांढऱ्या साडीत सकाळच्या खेळाला गेले. दारावरच्या आसारामला वाटलं, आत कुणाला तरी फेफरं आलंय. त्याने तिकीट न विचारताच पडदा बाजूला केला. आत सगळे बाप्ये. मला बघून दोघांनी टोप्या नाकापर्यंत ओढल्या. त्यातल्या एकाच्या बायकोचं बाळंतपण गेल्याच महिन्यात मी केलंय. हसू आलं, पण टिकलं नाही.

खरं सांगू? सुरुवातीला एकीने दुसरीच्या खांद्यावर डोकं टेकलं, तेव्हा माझे डोळे भरून आले. आपल्यासारखं कुणी असतं हे मी आजवर पाहिलंच नव्हतं. ते पाहायला मिळालं तेही शिट्ट्यांच्या गदारोळात, भिंतीला टेकून, चोरासारखं. पुढे पुढे तर किळसच आली. उघड्या अंगाची नव्हे. माझा जन्म त्यातच चाललाय. पण त्या दोघी एकमेकींकडे बघतच नव्हत्या. मिठीत असतानासुद्धा त्यांची नजर बाहेर, त्या टोपीवाल्यांकडे. एक भांडण नाही, एक आजारपण नाही, जेवलीस का म्हणून विचारणं नाही. शेवटी एक गडी मोटारीतून आला आणि एकीला घेऊन गेला, दुसरीने विष घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुष्पा, ती मेली म्हणून टाळ्या वाजवल्या गं.

घरी येऊन छबूबाईला सांगितलं कुठे गेले होते ते. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मंग? हाय का काही बघन्यासारखं?" मी नाही म्हटलं. "मंग तिला बोलाव की माघारी." तिला कितपत कळलंय, देव जाणे.

तू कार्डावर, उघड्यावर, शेवटी एकच ओळ लिहिली होतीस: दादाला उत्तर देण्याआधी मला सांग, त्या सिनेमात काय होतं? त्या ओळीसाठी मी तिथे गेले आणि त्या ओळीसाठीच हे पत्र. तर ऐक. त्यात आपण नव्हतो. तुझं माझं काहीच त्यांना दाखवता आलेलं नाही. तुला मनापासून संसार हवा असेल तर लग्न कर, मी रडेन आणि तुझ्या लग्नाला येईन. पण त्या टाळ्यांना भिऊन करू नकोस. भीती मलाही वाटते. कालपासून गल्लीतून खाली मान घालून चालतेय. तरी तू आलीस तर तुझी वेणी मी अंगणातच घालणार, दार उघडं ठेवून.

तुझीच,
चांगुणा