जोडीनं करायची तपासणी

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय धाकले,

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. तू बरी असशील, तुझा रागही ठणठणीत असेल. इकडे सगळं ठीक. दुकानात पडद्यांचं काम इतकं आलंय की शिवता शिवता मी निळ्या कापडात बुडून जाते. आपलं भांडण कशावरून झालं ते मला आता धड आठवत नाही. तुला शब्दन् शब्द पाठ असेल.

गेल्या महिन्यात छातीच्या तपासणीला गेले होते. एकटीच. आईला त्या दुखण्यानं नेलं तेव्हापासून आपण जोडीनंच जातो ना, म्हणून ‘तिचा फोन आला की जाऊ’ म्हणत मी बसून राहिले. तूही तशीच बसली असशील. आपल्या घरात आधी फोन करणं म्हणजे नाक कापून घेणं! त्या हट्टात एक खेप हुकली.

ती खोली तशीच होती, अंधूक, गार. यंत्राच्या दोन पाट्यांमध्ये छाती दाबून सपाट करत तिथल्या बाई म्हणाल्या, “हनुवटी वर. श्वास रोखा.” आणि मला वाटलं, मी एखाद्या तळ्याच्या तळाशी उभी आहे, वरून उजेड झिरपतोय, आणि पडद्यापलीकडून तू खुसखुसतेयस, “ताई, झाली का गं तुझी इस्त्री?” मी चक्क “झाली” म्हणाले. बाई बघतच राहिल्या.

मग त्यांनी पुन्हा फोटो काढला. मग सुई टोचून तपासलं.

डाव्या बाजूला गाठ आहे. तीच, आईची होती तसली. पण लहान, हाताला लागतसुद्धा नाही. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. वेळेत सापडली म्हणतात. तू घाबरू नकोस, माझं घाबरून झालंय.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “बहिणीची तपासणी कधी झाली?”

“यंदाची राहिली असेल,” मी म्हणाले.

“बाकीच्या बायकांना दोन वर्षांनी चालतं हो. पण आधी आई, आता तुम्ही. त्यांनी दरवर्षी यायचं. आणि यंदाची लगेच.”

तुझ्यासाठी गुरुवारची सकाळ मागून घेतलीय. माझ्या ऑपरेशनला आली नाहीस तरी चालेल. राग सोडू नकोस हवं तर. तो धरायला तू धडधाकट हवीस, एवढंच. मी दाराशी बाकावर बसेन, तुझ्याकडे पाठ करून. बोलणार नाही.

उत्तर लिहीत बसू नकोस. ये.

वाट बघणारी,
ताई