फाटकाबाहेरचे लॅमिंग्टन

शनिवार, ७ मार्च

मिनी आजही शेवटून पहिली! आम्ही चौघी ‘कुत्र्यांच्या शर्यती बंद करा’चे फलक घेऊन मैदानाच्या फाटकाबाहेर उभ्या, त्यामुळे शर्यत दिसत नाही. पण कर्ण्यावरून निकाल कानावर आदळतोच. मिनी माझ्या धाकट्या भावाची, क्लेमची. त्याच्याकडची शेवटची ग्रेहाउंड, शर्यतीची कुत्री. आधीच्या कुठे गेल्या ते विचारलं की तो ‘गेली’ म्हणतो आणि बटाटे वाढून घेतो.

रविवार, ८ मार्च

आईचा नियम — रविवारचं जेवण एकत्र, आणि ताटावर कुत्र्यांचा विषय नाही. आज मी मोडला.

‘मिनीला मला दे, क्लेम.’

‘तुझ्या त्या फलकवाल्या टोळीला? म्हणजे पेपरात फोटो छापाल, दुष्ट क्लेमच्या तावडीतून सुटका! आणखी दोन शर्यती पळवतो. मग बघू.’

‘बघू म्हणजे काय रे?’

‘ग्रेव्ही सरकव इकडे.’

बघू म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. पळेनाशी झालेली कुत्री इथे कोणी पोसत नाही. मेला!

शनिवार, १४ मार्च

अब्रू गेली! सगळा दोष आईचा. कुठे रिकाम्या हातानं जायचं नाही ही तिची शिकवण. आमच्या बुरावाला गावात बायका मयताला, मिटिंगला, भांडायलासुद्धा काहीतरी करून नेतात. मी लॅमिंग्टन नेले होते, चॉकलेटमध्ये बुडवून खोबऱ्यात घोळवलेले केकचे तुकडे, आम्हा चौघींपुरते. (पुरते म्हणजे — माझा हात जरा सढळ आहे.) नेमका आतल्या कँटीनचा ओव्हन बिघडलेला. फाटकावरचा रॉय म्हणाला, ‘मर्ल, एक घेऊ का गं?’ नाही कसं म्हणायचं? शाळेत एका बाकावर होतो. त्याच्यामागून सगळं मैदानच आलं! बोटांना खोबरं लावून आमच्या फलकांखाली उभं राहून खाताहेत, आणि तेवढ्यात कर्णा बोलला — ‘आजच्या अल्पोपाहाराबद्दल मर्ल टॉलिस यांचे क्लबतर्फे मनःपूर्वक आभार!’

आमची अध्यक्ष गिलिअन पांढरीफटक. ‘मर्ल, आपण शर्यती बंद पाडायला आलोय की गर्दी जमवायला?’

गर्दी खरंच वाढली होती.

रविवार, १५ मार्च

क्लेम हसून हसून लाल. ‘क्लब तुला आजीव सभासद करणार म्हणे!’ मी त्याला ओलं फडकं फेकून मारलं. जाताना उरलेले लॅमिंग्टन मात्र घेऊन गेला.

मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते तर हा कुंपणापलीकडे, त्याच्या अंगणात, उकिडवा बसलेला. सुरीनं वरचं चॉकलेट खरवडून काढतोय — कुत्र्यांना ते बाधतं — आणि आतला मऊ केक मिनीला भरवतोय. एकेक घास. मी पटकन पडदा ओढला. राग टिकवायचाय मला.

मंगळवार, १७ मार्च

गिलिअनचा फोन. एकमताने ठराव — निदर्शनाला खाद्यपदार्थ आणायचे नाहीत. मीही हात वर केला म्हणे. फोनवर!

शनिवार, २१ मार्च

नेलेच. गाडीत मागच्या सीटवर, टॉवेलखाली.

तिसऱ्या शर्यतीत कर्णा मध्येच गप्प झाला. मग रॉय धावत आला. ‘वळणावर धडकल्या गं. मिनीचा पाय...’ त्यानं उघड्या टाकलेल्या फाटकातून दिसलं — आत हिरवा पडदा उभा करत होते. तो पडदा धरला की मागे जखमी कुत्र्याला सुई देऊन संपवतात, हे इथल्या पोरांनाही माहीत आहे.

पडद्यामागून क्लेम बाहेर आला. हातांवर मिनी. मागून कोणीतरी ओरडलं, ‘क्लेम, डॉक्टर थांबलेत!’

‘थांबू देत.’

तो तडक फाटकाबाहेर, आमच्या बाजूला आला. ‘गाडी उघड.’ गिलिअननंच मागचं दार उघडलं. टॉवेल सरकला, लॅमिंग्टन दिसले. बाईनं नुसतं दार धरून ठेवलं. क्लेमनं मिनीला तिथेच निजवलं, सगळ्या खोबऱ्यावर, आणि स्वतः शेजारी घुसला.

‘चालव ना! माझ्या तोंडाकडे काय बघतेस?’

जनावरांच्या दवाखान्यापर्यंत तो मिनीशी हळू काहीतरी बोलत होता. मी रडत होते. दोनदा गिअर चुकला.

रविवार, २२ मार्च

पाय वाचला. पळणं संपलं. मिनी माझ्या सोफ्यावर, प्लॅस्टरसकट, आडवी पसरलेली. बसायला जागाच नाही ठेवली भवानीनं.

‘इथेच राहू दे तिला,’ क्लेम म्हणाला. ‘फोटो नको काढूस फक्त.’

मी विचारलंच. ‘आधीच्या कुठे गेल्या रे?’

त्यानं काटा खाली ठेवला. मग नावं सांगितली, एकेकीचं. सगळी पाठ आहेत त्याला. बटाटे तसेच राहिले.

शनिवार, २८ मार्च

फाटकावर आज आम्ही पाच. पाचवा क्लेम. ‘मी फक्त लॅमिंग्टन खायला आलोय,’ म्हणाला आणि माझ्या हातून फलक काढून घेतला. आतून त्याचे जन्माचे सोबती बघत होते. त्यानं फलक उलटा धरला होता. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.