दोन शेगड्या, एक फळा

मी खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वीचा धंदा कपड्यांच्या कारखान्यात काज-बटण करणे, सध्याचा धंदा घरकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. खुब्याचं हाड मोडल्यापासून पाय ठिकाणावर नाही, पण वकीलबाई म्हणतात की कायद्याला पायाशी कर्तव्य नाही. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. तसा प्रयत्न करून बघणारं एकच माणूस या घरात होतं, ते माझे यजमान, आणि तेही यशस्वी झाले नाहीत.

पूर्ण नावं आणि पत्ता वकीलबाईंनी शिक्क्याच्या पानावर घातला आहे. या पानांत मी आम्हाला घरात म्हणतात तसंच लिहिते. मी थोरली. माझी जाऊ, म्हणजे माझ्या दिराची बायको, ती धाकटी. मला एक मुलगा, एक सून, एक नात, ती तिघं जवळच वेगळी राहतात. धाकटीला मूलबाळ नाही. आम्हा दोघींचेही नवरे वारले आहेत.

कलम एक. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. बँकेतल्या बाईने एका फॉर्मवर वारस म्हणून मुलाचं नाव घालून घेतलं होतं. त्याला कोणी मृत्युपत्र म्हणत असेल तर ते रद्द समजावं.

कलम दोन, राहतं घर. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, मधली खोली आणि स्वयंपाकघर. कागदावर हे घर माझ्या एकटीचं आहे. आधी ते यजमानांच्या नावावर होतं, त्यांच्यामागे मुलाने हक्कसोड करून दिली आणि ते माझ्याकडे आलं. वकीलबाई म्हणतात, एवढं लिहिलं की पुरे. मला ते पुरे वाटत नाही, म्हणून घर कसं झालं ते लिहिते.

आम्ही इथे भाड्याने राहत होतो. यजमान छापखान्यात खिळे जुळवायचे, दीर ट्रक चालवायचा, मी कारखान्यात आणि धाकटी इस्पितळाच्या धोबीखान्यात. चार पगार यायचे आणि महिन्याच्या विसाव्या दिवशी चौघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. पैसा जायचा कुठे ते धाकटीने शोधलं, हे मी इथे नमूद करते, कारण लोक श्रेय मला देतात. ती म्हणाली, आपण रोज संध्याकाळी दमून येतो, आज काय करायचं ते रस्त्यात ठरवतो आणि दुकानात जाऊन भुकेल्या पोटी विकत घेतो. भुकेल्या माणसाने बाजारात जाऊ नये. तिने धोबीखान्यातून एक टाकून दिलेला फळा आणला आणि स्वयंपाकघराच्या दाराला टांगला.

पद्धत अशी. रविवारी जेवणं झाल्यावर आधी घरात काय उरलं आहे ते बघायचं, आणि काय खावंसं वाटतं ते शेवटी. जे आधी खराब होणार ते सोमवारी. मग सात दिवसांचा बेत फळ्यावर, आणि त्या बेताला जेवढं लागेल तेवढंच सामान, आठवड्यातून एकदा, बाजार उठायच्या वेळी. एका दिवसाचं उरलेलं दुसऱ्या दिवसाच्या बेतात गेलंच पाहिजे. शुक्रवारी जे काही उरलं असेल ते सगळं एका पातेल्यात. त्या पातेल्याला यजमान 'गोळाबेरीज' म्हणायचे आणि नाक मुरडून दोनदा वाढून घ्यायचे.

त्यातून वाचलेला पैसा आम्ही दोघींनी एका डब्यात बाजूला टाकला. घरमालकाने घर विकायला काढलं तेव्हा दोन्ही भावांनी मिळून जे जमवलं ते अर्ध्यालाही पुरत नव्हतं. उरलेलं आमच्या डब्यातून गेलं. व्यवहाराच्या दिवशी दीर ट्रक घेऊन लांब गेला होता आणि मालकाला परगावी जायची घाई होती, म्हणून खरेदीखतावर थोरल्याचं एकट्याचं नाव लागलं. मी पुढे दोनदा धाकटीला म्हटलं, चल, नाव घालून घेऊ. ती म्हणाली, घरातल्या घरात कागद कशाला. वकीलबाईंनी हे वाचून कपाळाला हात लावला.

तर माझी इच्छा अशी. या घराचा अर्धा भाग धाकटीच्या मालकीचा. उरलेला अर्धा मुलाचा, पण धाकटी जिवंत आहे तोवर तिने सबंध घरात राहायचं, आणि तोवर कोणीही हे घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, गहाण टाकायचं नाही आणि मापंही घ्यायची नाहीत.

मापांचं का लिहिलं ते सांगते. मी इस्पितळातून आल्यावर मधल्या खोलीत पडून होते. मुलगा एका टेप घेतलेल्या माणसाला घेऊन आला. मुलगा वाईट नाही. विम्याचं काम करतो, त्याला सगळ्या गोष्टी वेळेत मिटवायची सवय आहे. त्याला वाटलं मला झोप लागली आहे. त्याने धाकटीला विचारलं, काकू, पुढेमागे तुमची सोय कुठे बघायची? धाकटी म्हणाली, आज मंगळवार आहे, भोपळ्याची भाजी आहे, दोघंही जेवून जा. टेपवाला जेवला. त्याने भाजी दोनदा घेतली.

त्या रविवारी फळ्यावर माझ्या बाजूचा बेत सुनेने मला विचारून लिहिला. धाकटीची बाजू कोरी राहिली. इतक्या वर्षांत तसं कधी झालं नव्हतं. ती घरातच होती, रोज स्वयंपाकही करत होती, पण पुढच्या आठवड्याचं तिने काही लिहिलं नाही. मी पडल्या पडल्या तो फळा बघत राहिले, आणि सोमवारी वकीलबाईंना बोलावणं पाठवलं. मला त्या कोऱ्या जागेची भीती वाटली, हे मी शुद्धीवर राहून लिहिते.

कलम तीन. फळ्याला दोन बाजू का, हा प्रश्न मुलगा आणि सून कोर्टात काढतील असं नाही, पण नातीने विचारला होता, म्हणून तिच्यासाठी लिहिते. धाकटी आणि मी बारा वर्षं एकमेकींशी बोलत नाही. दिराने एका शनिवारी पाच-सहा ट्रकवाले मित्र जेवायला आणले. धाकटीने रविवार आणि सोमवारचं सगळं त्यांच्यासाठी शिजवलं. मी म्हटलं, उद्या काय खायचं ते आता पाहुण्यांनाच विचारा. पाहुण्यांच्या देखत म्हटलं. मी आजही तेच म्हणेन. दुसऱ्या दिवशी तिने वेगळी शेगडी आणली आणि खिडकीखाली मांडली.

वेगळ्या शेगडीवर दोन आठवडे गेले. तिसऱ्या रविवारी मी बाजार उठायच्या वेळी गेले, कोबी मातीमोल होता, तो घेतला. ती दुसऱ्या दाराने त्याच वेळी त्याच बाजारात गेली होती. घरी येऊन बघतो तर ओट्यावर नऊ कोबी. दोघीही शिकलो एकाच शाळेत, त्याला काय करणार. आठ दिवस घराने कोबी खाल्ला. यजमान म्हणाले, तुम्ही बोलू नका, पण निदान लिहा तरी. मग मी फळ्याच्या मधोमध रेघ मारली आणि माझ्या बाजूला लिहिलं, कोबी माझा. संध्याकाळी पलीकडे लिहिलेलं होतं, मग बटाटे माझे.

तेव्हापासून सोमवारची डाळ मी दोघींची शिजवते आणि तिची झाकून खिडकीखाली ठेवते. मंगळवारची भाजी ती करते. सामान एकदाच येतं, गॅस एकच जळतो. सांगायचं असेल ते भिंतीला, सुनेला किंवा मांजराला सांगून होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशा आम्ही दोघी. दीर वारला तेव्हा मी महिनाभर दोन्ही बाजूंचा बेत लिहिला आणि तिने महिनाभर तो खाल्ला. बोलणं तेव्हाही झालं नाही.

कलम चार, बँकेतली शिल्लक. माझ्या आजारपणाचं आणि मागचं निस्तरून जे राहील त्याचे दोन भाग करावेत, एक मुलाला, एक नातीच्या शिक्षणाला. मुलगा मला नेहमी म्हणतो, आई, दात कोरून पोट भरत नाही. ते खरं आहे. त्याचं शिक्षण मात्र तसंच झालं, हे त्याने पैसे घेताना आठवावं.

कलम पाच. काज-बटणाचं यंत्र नातीला. ती चालवणार नाही हे मला ठाऊक आहे, पण विकताना भंगारवाल्याला देऊ नये, चांगल्या शिंप्याला दाखवावं. मोठा सुरा आणि जाड बुडाचं पातेलं धाकटीला. ते पातेलं तिचंच आहे, वाटणीत माझ्याकडे आलं, आणि मी परत दिलं नाही कारण ते चांगलं आहे.

कलम सहा, सुनेसाठी. सून हिशेबाने पक्की आणि जिभेने गोड आहे, म्हणून या मृत्युपत्राची अंमलबजावणी मी तिच्यावर सोपवते, मुलावर नाही. पण ती फोनवरून भाजी मागवते, आणि मग शीतकपाटाच्या तळाशी पालेभाजीचा चिखल होतो. मी तिला चारदा सांगितलं, ती हो हो म्हणाली. तिला माझी इस्टेट म्हणून कलम दोनमधली पद्धत देते. त्यात एक भर घालावी. सात दिवसांपैकी एक दिवस बेतात कोरा ठेवावा, कारण आठवड्यात एक दिवस तरी काहीतरी बिनसतंच. हे मला उशिरा कळलं, धाकटीला आधीपासून माहीत होतं. तिच्या बाजूला गुरुवार नेहमी रिकामा असतो.

कलम सात, समोरचा किराणा दुकानदार. याने चाळीस वर्षं मला हलकं माप दिलं आणि मी चाळीस वर्षं त्याच्याकडून आठवड्याला एकदाच आणि यादीपुरतंच घेतलं. आमची फिटंफाट झाली आहे. त्याने माझ्याकडे काही बाकी काढली तर सुनेने ऐकून घ्यावं आणि देऊ नये. त्याला साक्षीदार म्हणून बोलावलं आहे, त्यामुळे हे कलम त्याने वाचलेलं आहे. तो म्हणाला, काकू, लिहा काहीही, सही करतो.

कलम आठ. माझ्यामागे भेटायला येणाऱ्यांना जेवू घालावं. फळ्यावर त्या दिवशी जे असेल तेच, पाणी वाढवून. खास काही करू नये.

कलम नऊ. हे कलम आज, साक्षीदार आल्यावर, वकीलबाईंनी वरचं सगळं मोठ्याने वाचल्यावर घालावं लागलं. धाकटी स्वयंपाकघराच्या दारात ओले हात घेऊन उभी होती. घराचं कलम वाचून झालं तेव्हा ती आत गेली आणि नळ बराच वेळ सोडलेला ऐकू आला. मग परत येऊन तिथेच उभी राहिली. शेवटी वकीलबाईंनी विचारलं, आणि तुमच्या जाऊबाई तुमच्या आधी गेल्या तर घराचं काय?

मी म्हटलं, त्याची काही सोय मी केलेली नाही. हे खरं आहे. मी पडले तेव्हापासून मी आधी जाणार असंच धरून चालले होते. वकीलबाई म्हणाल्या, ही जागा मोकळी सोडता येत नाही. त्या थांबल्या. साक्षीला आलेल्या तळमजल्यावरच्या घड्याळजीने चष्मा काढून पुसायला घेतला.

तेव्हा धाकटी दारातून म्हणाली, "ताई, वयाने मी लहान असले तरी रक्तदाब माझा जास्त आहे. काहीतरी लिहून टाका."

हे ती मला म्हणाली. वकीलबाईंना नाही, भिंतीला नाही. दोन्ही साक्षीदारांनी ऐकलेलं आहे आणि त्यांच्या सह्या त्यालाही लागू आहेत.

मी तिला म्हटलं, "तुझा गुरुवार ठेव रिकामा. बाकीचे दिवस भर आधी, मग लिहिते."

तिने हात पदराला पुसले, खडू घेतला आणि फळ्याकडे वळली. तिचे सहा दिवस लिहून होईपर्यंत आम्ही सगळे थांबलो, दुकानदारसुद्धा, त्याचं दुकान उघडं होतं तरी. त्यानंतर मी पुढचं लिहिलं.

धाकटी माझ्या आधी गेली तर कलम दोन रद्द समजावं. मुलाने घराची मापं घ्यावीत, गिऱ्हाईक आणावं आणि घर लगेच विकून टाकावं, मी त्यात राहत असले तरी. मला कुठे ठेवायचं ते त्याने ठरवावं, माझी हरकत नाही. वकीलबाई म्हणतात, माणूस जिवंत असताना मृत्युपत्र लागू होत नाही. मी म्हटलं, तरी लिहिणार.

वरील मजकूर मी वाचला, मला वाचून दाखवला, आणि तो माझ्या मनासारखा आहे.

लिहून देणार: थोरली (सही)

साक्षीदार पहिला: तळमजल्यावरचा घड्याळजी (सही)
साक्षीदार दुसरा: समोरचा किराणा दुकानदार (सही, कलम सात मान्य नाही, बाकी मान्य)

समक्ष: वकीलबाई (सही व शिक्का)

ठिकाण: राहतं घर, मधली खोली
वार: रविवार, दुपारची जेवणं झाल्यावर. तारीख शिक्क्याखाली.